सुळेवाल्या भाईची पोरगी

आधी माईकवर नखाने दोन टिचक्या. टक्, टक्. मग एक लांब फुंकर, बशीतल्या गरम चहावर घालतात तशी. आणि मग तो थोडा घोगरा, कायमची सर्दी झाल्यासारखा आवाज यायचा, "भेऊ नोका बाप्पा, आपलाच मानूस हाये."

पडद्यावर त्या वेळी एखादा पांढराफटक इसम काळा कोट घालून, दोन सुळे बाहेर काढून कुणाच्या तरी मानेवर वाकलेला असायचा. मागे त्याचे चारपाच गुंड बंदुका घेऊन उभे. हॉलमध्ये बसलेले राईस मिलचे हमाल, भाताचं पोतं पाठीवर घेऊन धावणारे गडी, पाय बाकावर ओढून घ्यायचे. 'आपलाच मानूस' म्हटलं की हसायचे आणि पाय पुन्हा खाली सोडायचे.

त्याचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तुमसरात त्याला नावाने कुणी हाक मारतच नव्हतं. सारे 'माईकवाला' म्हणायचे. तुमच्या गावातही असा एखादा माणूस असेलच, ज्याचा आवाज साऱ्यांना ठाऊक आणि नाव कुणालाच नाही. आठवून पाहा.

गोंदियाने आपला वेगळा जिल्हा थाटला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मिल रोडवर धान्याच्या एका रिकाम्या गोदामात व्हिडिओ हॉल निघाला होता. त्याच्या भिंतीला लागून माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आत काय चाललंय ते रस्त्यावर ऐकू जावं आणि चार माणसं आत यावीत म्हणून हॉलच्या मालकाने एक भोंगा लावला होता, तो नेमका माझ्या पत्र्यावर. त्याची वायर माझ्या भिंतीतल्या भोकातून जायची. मी कितीदा भांडलो! कोणी ऐकलं तर शपथ. त्यामुळे त्या हॉलमधले सिनेमे मी डोळ्यांनी फार थोडे पाहिले, कानांनी मात्र सगळे.

मालक नागपुरातून स्वस्तातल्या सीड्या आणायचा. कुठल्या देशाची भाषा असायची देव जाणे. कोणाला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून हा माईकवाला ठेवला होता. पडद्याशेजारी स्टुलावर बसायचा, सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि पाहिजे ती गोष्ट आपल्या बोलीत सांगायचा. त्याचा लाडका प्रकार एकच, तो सुळेवाला. म्हणजे रक्त पिणारं भूत, पण धंद्याने गुंड. हप्ता वसूल करणार, दुसऱ्या टोळीशी मारामाऱ्या करणार, आणि दिवस उगवला की पेटीत जाऊन झोपणार. वर पुन्हा हे सगळं हसवायला.

"भाई पेटीत झोपून राहिला, काहून का मच्छरदानी फाटली हाये," असं भोंग्यातून यायचं आणि माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक खोऽखो हसायचं.

"भाईले दिवसा दिसत नाही. मोतीबिंदू व्हय. शिबिरात दाखव म्हटलं त आयकत नाही."

"लसूण पाहून पयाला पाहा! बायकोच्या हातचा ठेचा खाल्ला नाही वाटते कधी."

सुळेवाल्याच्या छातीत गोळ्या घुसायच्या आणि तो तसाच उभा राहायचा. मग हा अगदी शांतपणे म्हणायचा, "आता तुमीच सांगा, गोळीनं काई फरक पडते काय? सुई पायजे."

मला या सिनेमांचा संताप यायचा. एकदा तो चहाला माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "काय रे, हा भुताचा सिनेमा आहे का गुंडांचा? एकाचं धड काहीतरी दाखव."

बशीवर फुंकर घालत तो म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, भूत एकटं रायलं त भेव लागते. गुंडा एकटा रायला त राग येते. दोघाले एका घरात ठेवलं का हासू येते. करून पाहा."

करून काय पाहणार, कपाळ! पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. अंगाने काडी, गळ्यात बारा महिने रुमाल, खिशात खडीसाखर. मूळचा साकोलीकडच्या एकोडीचा, तुमसरात बुद्धविहाराच्या मागे भाड्याने राहायचा. कुणाशी भांडण नाही की कुणाची उसनवारी नाही. सकाळी ऑटोत बसून गावभर सिनेमाची दवंडी द्यायची आणि दुपारपासून हॉल. त्याची बायको कधी हॉलकडे फिरकली नाही. मुलगी आहे एवढंच ठाऊक होतं.

या माणसाची एक गंमत सांगतो. एकदा माझ्याकडे अँप्लिफायर उघडताना पत्र्याची धार त्याच्या बोटाला लागली. रक्ताचा एक थेंब आला असेल. पाहतो तर गडी भिंतीला टेकून खाली बसलेला, ओठ पांढरे. मी पाणी दिलं आणि पोटभर हसून घेतलं. "अरे, रोज बादलीभर रक्त दाखवतोस लोकांना!"

"ते लाल शरबत व्हय," तो डोळे मिटूनच म्हणाला. "हे खरं हाये. बांधा नं लवकर."

मी चिंधी बांधली. त्याने बोटाकडे एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मला फक्त गंमत वाटली होती.

नंतर एकदा मी माझ्या शुगरसाठी भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. माझं रक्त गोड आहे, त्याला बरीच वर्षं झाली. नळी भरून दिली आणि बाहेर निघालो तर लहान मुलांच्या वॉर्डातून कानावर आलं, टक्, टक्. मग फुंकर. भंडाऱ्यात हा आवाज? मी दारातून डोकावलो.

खाटेवर एक पाचसहा वर्षांची मुलगी होती. डोळे पिवळसर, चेहऱ्यावर रंग नाही, पण नजर चपळ. वरून रक्ताची पिशवी लावलेली. आणि आमचा माईकवाला, बोट कापलं तर मटकन खाली बसणारा हा माणूस, त्या पिशवीकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. हातात माईक म्हणून चमचा.

"आता भाईचा हप्ता येऊन राहिला," तो सांगत होता. "गँगचे लोकं दूरदूरून घेऊन आले. कोनी मोहाडीवरून, कोनी पवनीवरून. भाई कोन व्हय?"

"मी!" मुलगी म्हणाली.

"मंग? भेऊ नोका बाप्पा."

"बाबा, मी चावत काहून नाही?"

"लहान भाई चावतात माय. मोठ्या भाईले घरपोच येते."

ती हसली. शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मला दारातच उभं राहावंसं वाटलं, पण त्याचं लक्ष गेलं आणि चमचा खाली आला. तो मला व्हरांड्यात घेऊन गेला. मुलीचं नाव सुजाता. तिला सिकलसेल होता. आमच्या भागाला हा आजार काही नवा नाही, घरटी कोणी ना कोणी ऐकून असतं. आईबाप दोघंही धडधाकट दिसतात, पण दोघांच्या रक्तात तो निजलेला असतो आणि लेकराच्या अंगात उठून बसतो. सांधे ठणकतात, रक्त उतरतं. सुजूचं फार उतरायचं. मग भंडारा गाठायचं आणि बाहेरून रक्त द्यायचं.

"मिस्त्रीभाऊ, गावात बोलू नोका," त्याने माझा हात धरला. "माह्या साळ्याच्या पोरीचं जमलेलं लगन मोडलं याच्यापाई. उद्या सुजूच्या लगनात लोकं हेच काढतीन."

मला राग आला. मुलगी खाटेवर आणि याला लग्नाची चिंता! मी म्हटलं, "अरे बाबा, तिला आधी मोठी तर होऊ दे."

"मोठी होईनच नं," तो म्हणाला. "म्हनून त भेव हाये."

मी कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि मोटर पकडली.

उन्हाळा आला. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदानाची शिबिरं बंद, रक्तपेढीत पिशव्या कमी. असली तर मिळायची, नसली तर 'कुठल्याही गटाचा माणूस घेऊन या, बदल्यात तिच्या गटाची पिशवी देऊ' म्हणायचे. त्यांचंही बरोबर, रक्त काही विहिरीतून निघत नाही. आईबापाच्या रक्तात तोच आजार, म्हणून त्यांचं डॉक्टर घेत नव्हते. एकोडीचा भाऊ देऊन झाला, चुलतभाऊ देऊन झाला. माझं गोड, ते कोण घेणार? तो दुकानात येऊन बसायचा, चहा निवायचा, आणि मिल सुटली की रस्त्याने जाणाऱ्या हमालांकडे पाहायचा. एकेकाचं मनगट म्हणजे उखळ. पण त्या गड्यांची एक पक्की समजूत होती. बाटलीभर रक्त दिलं की माणसातला जोर जातो आणि पोतं कायमचं भारी होतं. जोरावरच ज्यांचं पोट, त्यांना कोणी कितीही समजावलं तरी काय फायदा? एका शिबिरवाल्याला त्यांनी मिलच्या फाटकावरूनच परत पाठवलेलं मी पाहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी मिलला सुट्टी असायची आणि हॉल गच्च भरायचा. अशाच एका सुट्टीला हमालांचा आवडता सुळेवाला लागला होता. मी हा सिनेमा कानांनी पुष्कळदा ऐकलेला. भाईला भूत चावतं, भाई भूत होतो, त्याचे गुंड त्याला छत्रीखालून मिटिंगला नेतात, तो पोलिसाला चावायला जातो आणि सुळा पट्ट्यात अडकतो. मला पाठ होता. पण त्या दुपारी गोष्ट भलतीकडेच चालली आहे असं कानाला वाटलं. मी हातातला सोल्डर ठेवला आणि हॉलच्या मागच्या दारातून आत गेलो.

पडद्यावर सिनेमा थांबलेला. मूळ सिनेमात बाजाराचा एक प्रसंग होता, त्यात फुगेवाल्याजवळ उभी असलेली एक लहान मुलगी क्षणभर दिसायची. तिचं पुढे काही नाही, मागे काही नाही. त्याने नेमकं तिथे बटण दाबून ठेवलं होतं.

"हे कोन व्हय?" माईकवाला विचारत होता. "हे भाईची पोट्टी व्हय. हिचं रगत हिच्या अंगात टिकत नाही. तुमाले वाटते भाई सोतासाठी चावते? एक घोट पेला नाही बाप्पा त्यानं. समदं बाटलीत भरते अन् पोरीले नेऊन देते."

मग मधल्या बाकावरून मिलचा मुकादम उठला. हा हमालांचा म्होरक्या, झुबकेदार मिशा, बोलला की पत्रा वाजावा असा. "पर चावाचं काहून?" तो म्हणाला. "सिधं मांगाचं नं."

"मांगतलं त कोन देते मुकादम?"

"काहून नाही देनार? लेकरासाठी कोन नाही म्हनते?"

मला माईकवाल्याच्या गळ्यातला रुमाल हललेला दिसला. मग टक्, टक्. "तुमी देसान काय?"

"देईन नं!" मुकादमाने मिशीवर हात फिरवला.

"मंग शनिवारी सकाळची मोटर हाये भंडाऱ्याची. तिथं अशेच लेकरं हायेत दवाखान्यात. मीबी येतो."

हास्याचा असा गडगडाट झाला की मला माझ्या पत्र्याची काळजी वाटली. सारा हॉल मुकादमाकडे पाहत होता आणि मुकादम फसला होता. शंभर माणसांत दिलेली जबान, आता मागे घेऊन जातो कुठे? शनिवारी तो गेला. आपल्याबरोबर दोघांना ओढूनही घेऊन गेला, म्हणजे मेलो तर उचलायला कोणी असावं. सुई पाहून हा सांड 'ओ माय' म्हणून ओरडला, असं त्या दोघांनी नंतर सांगितलं.

त्या दिवशी वजन उचलू नका असं नर्सने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र मिलच्या फाटकाशी ही गर्दी. मुकादमाने सर्वांसमोर पोतं पाठीवर घेतलं, थप्पीपर्यंत नेलं आणि परत येऊन म्हणाला, "उलटं हलकं लागून राहिलं बे!" त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, पण रोजच चालायच्या. मी कशाला तोंड उघडू?

तिथून गँग सुरू झाली. हो, ते स्वतःला गँगच म्हणायचे. आज एकाची पाळी, पुढच्या खेपेला दुसऱ्याची. मिलमध्ये झाडलोट करणाऱ्या दोन बायाही शिरल्या. 'गँगमधी बायका नसतेत' असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा त्यांनी त्याला भर रस्त्यात असं झाडलं की पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. दवाखान्यातल्या कुठल्या लेकराला आपलं रक्त जातं, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. ते चौकशी करायचे सिनेमातल्या पोरीची. "काय माईकवाले, भाईची पोट्टी कशी हाये आता?"

आणि तो सांगायचा. सिनेमा तोच, चित्रं तीच, पण गोष्ट दर वेळी पुढे सरकलेली. भोंग्यातून मला सारं कळायचं. सिनेमातली पोरगी शाळेत गेली की समजायचं, सुजू बरी आहे. सिनेमातल्या पोरीचे गुडघे दुखायला लागले की मी दुकानाचं शटर लवकर ओढून विहाराच्या मागे चक्कर मारायचो. एकदा पोरगी सायकल शिकली. त्या दिवशी हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या आणि मी माझ्या काउंटरमागे वेड्यासारखा एकटा हसत बसलो.

हे सोंग किती दिवस चालणार? मला धास्ती होतीच.

पोळ्याच्या सुमारास मुकादम लाखांदूरला बहिणीकडे गेला होता. तिच्या घरी केबल. दुपारी जेवून लवंडला आणि टीव्हीवर काय लागावं? तोच सुळेवाला. हिंदीत! मुकादम उठून बसला, बहिणीच्या लेकरांना हाका मारल्या, 'या रे, आमचा शिनेमा पाहा' म्हणाला. सिनेमा संपला. फुगेवाल्याजवळची मुलगी क्षणभर आली आणि गेली. ती कोणाचीच कोणी नव्हती. भाई तर स्वतःच गटागटा पीत होता, आणि शेवटी जळून खाक झाला.

तो परत आला तो सरळ हॉलवर. मागे आठदहा जण. दुपारचा खेळ सुरू व्हायचा होता, माईकवाला नुकताच स्टुलावर बसला होता. मला भोंग्यातून आधी टिचक्या ऐकू आल्या आणि लगेच मुकादमाचा आवाज.

"हिंदीत पायला म्या. पोट्टी कोठी हाये त्याच्यात? हां? आमाले येडे समजलास काय? रगत देल्लं आमी, गंमत नाही केली!"

माईकवाला काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल! कोठी हाये पोट्टी?"

मी उठलो. माईक चालू आहे हे त्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. माझ्या डोक्यात एकच आलं, वायर उपटायची. भिंतीशी पोहोचलो, हात घातला, पण वायर मीच कधीतरी रागाच्या भरात खिळ्यांनी ठोकून पक्की केली होती. ती काही निघाली नाही. भोंग्यातून, साऱ्या मिल रोडवर, तो आवाज गेला.

"शिनेमात नाही मुकादम. माह्या घरी हाये. विहाराच्या मांगं. सुजाता नाव हाये. तिले सिकलसेल हाये. तुमचं रगत तिलेच लागते."

पानठेल्यावरची माणसं वर भोंग्याकडे पाहत होती. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. इतकी वर्षं छातीशी धरून ठेवलेली गोष्ट, आणि माझ्याच पत्र्यावरून गावभर झाली. मी तसाच हॉलमध्ये धावलो.

मुकादम त्याच्यासमोर उभा होता. "मंग पयले काहून नाही सांगतलं?"

"लगन कोन करीन तिच्याशी," माईकवाला म्हणाला. तो रडत होता आणि माईक अजून हातात तसाच होता, त्यामुळे तेही बाहेर गेलं.

मुकादमाने मागे वळून साऱ्यांना बसायची खूण केली, आपण पहिल्या बाकावर बसला आणि टॉवेलने तोंड पुसलं.

"पयलेपासून लाव," तो म्हणाला. "तुह्यी स्टोरी. हिंदीत काई मजा नाही."

माईकवाल्याने सिनेमा लावला. त्याला सुरुवातीला बोलताच येईना. सुळेवाला आला, वाकला, तरी स्टुलावरून शब्द नाही. तेव्हा बाकावरून कोणीतरी म्हणालं, मग दुसऱ्याने, मग सगळेच, "भेऊ नोका बाप्पा, आपलाच मानूस हाये."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सुजू पहिल्यांदा हॉलमध्ये आली. लाल रिबिनी बांधून, बापाचं बोट धरून. मुकादम उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून वाकला. "सलाम भाई."

"बसा," ती म्हणाली. तिथून पुढे ती आमच्या साऱ्यांचीच भाई झाली.

मोबाईल आले, सिनेमे लोकांच्या खिशात गेले आणि हॉल बसला. गोदामात आता मंडपवाल्याच्या खुर्च्या आहेत. अँप्लिफायर भंगारात चालला होता, तो मी ठेवून घेतला. माईकवाला काही वर्षं ऑटोतून दवंड्या देत राहिला. कोणाची जत्रा, कोणाचं दुकान, पोलिओचे डोस. मग त्याचा घसा धरला. आधी रुमाल दुहेरी झाला, खडीसाखर वाढली, मग नागपूरच्या चकरा. शेवटी आवाज पूर्णच गेला. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर होता आणि कॉलेजात जाणारी सुजू त्याच्यासमोर मोबाईल धरून त्याला सुळेवाल्याचा सिनेमा सांगत होती. मुद्दाम चुकीचा. भाईने गँग सोडून धानाची रोवणी धरली असं काहीतरी. तो आवाज न करता हसत होता, पोट धरून. मला पाहून त्याने खाटेच्या लाकडावर दोन टिचक्या मारल्या. त्याच हिवाळ्यात तो गेला.

तो गेल्यावर कित्येक दिवस मी दुपारी हातातलं काम थांबवून वर पत्र्याकडे पाहायचो. भोंगा मी काढला नव्हता. वायरही नाही.

गेल्या साली सुजूचं लग्न झालं. मुलगा लाखांदूरकडचा, शिक्षक. त्याने स्वतःच आपला सिकलसेलचा रिपोर्ट आणून सुजूच्या आईच्या हाती दिला, त्यात काही नाही हे दाखवलं, आणि मग चहा घेतला. मला तिथेच त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली आणि डोळेही भरून आले. ज्या गोष्टीच्या भीतीने माझा मित्र इतकी वर्षं आतल्या आत जळला, ती चहाच्या आधी दोन मिनिटांत निपटली. आणि हे पाहायला तो नव्हता.

लग्न विहाराच्या पटांगणात होतं. साउंड माझा, म्हणजे तोच जुना अँप्लिफायर. वंदना व्हायची होती, पाहुणे बसले होते, आणि फाटकातून गँग आली. पंधरावीस हमाल एका रांगेत. साऱ्यांचे पांढरे शर्ट, मानेची कातडी पोत्यांनी निबर झालेली, पुढे मुकादम, मिशा आता पांढऱ्या पण तशाच झुबकेदार. मागून त्या दोन बाया. कोणी हसत नव्हतं. पोरीच्या लग्नात रडू येऊ नये म्हणून साऱ्यांनी चेहरे दगडासारखे आवळून धरले होते. वरपक्षाच्या पहिल्या रांगेतली माणसं दचकून उभी राहिली. एका म्हाताऱ्या पाहुण्याने तर आपली खुर्ची मागे ओढली. नवऱ्या मुलाच्या काकांनी मला हळूच विचारलं, "हे कोण? काही भानगड आहे का?"

मी काही सांगणार तेवढ्यात मंचावरून आवाज आला. टक्, टक्. मग एक लांब फुंकर.

नवरी माईकसमोर उभी होती.

"भेऊ नोका बाप्पा," सुजू म्हणाली. "आपलीच मानसं हायेत."

मुकादमाने तिथेच टॉवेल तोंडाला लावला. अँप्लिफायर जुना झालाय, तिचा आवाज थोडा फाटत होता. मी बटणाला हात लावला नाही.